कातळचा कच्चा आवाज

१० नोव्हेंबर

आज भक्तीशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं आणि फोन ठेवल्यावर घरात भांडायला कोणीच नव्हतं, म्हणून ही वही काढली. पुण्यात असते तर तडक स्टुडिओत जाऊन टेबलावर हात आपटला असता. सिल्वासात बसून काय आपटणार? उदय सकाळीच कारखान्यात जातो, शेजारच्या गुजराती बेन दुपारी झोपतात, आणि भाजीवालीशी कातळबद्दल बोलता येत नाही.

कातळ म्हणजे आमच्या ॲनिमेशन मालिकेतला पहारेकरी. ज्या किशोरकादंबरीवरून मालिका चाललीय ती मी लहानपणी इतक्यांदा वाचली होती की तिची पानं सुटली. मेघपाळ नावाचा गोडबोल्या राजा डोंगरातलं पाणी अडवून बसलाय. धरणाच्या दाराशी कातळ उभा. पुरात वाहून चाललेल्या ह्या पोराला मेघपाळनंच बाहेर काढलं आणि वाढवलं. एके दिवशी मेघपाळ सांगतो, दार उघड. खाली पात्रात माणसं आहेत हे कातळला दिसतंय, तरी तो उघडतो. मग मेघपाळ सगळा दोष खालच्याच एका पाथरवटावर ढकलतो, की ह्यानंच खीळ काढली. पाथरवटाची मुलगी झुई आमची नायिका. भर सभेत ती कातळला विचारते, "दार कोणी उघडलं?" पुस्तकात तो पानभर नुसता उभा राहतो, आणि मग म्हणतो, "मी."

त्या एका "मी"साठी मी ही मालिका लिहायचं काम घेतलं. आणि आज आमच्या दिग्दर्शिकाबाई, भक्ती, मला सांगतात की चॅनलला ते नकोय!

"ताई, मुलांचा गोंधळ होतो म्हणे. तो चांगला की वाईट ते आधीच कळायला हवं. आपण त्याच्यावर मेघपाळनं जादू केली होती असं दाखवू. डोळे हिरवे. शेवटी जादू उतरते, डोळे काळे होतात, त्याला काही आठवतच नाही. सगळे त्याला मिठी मारतात. गोड होईल."

"गोड? अगं, त्यानं केलेलं तू त्याच्याकडून काढून घेतेस! मग उरतं काय? दगड?"

"ताई, ओरडू नका ना."

मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

संध्याकाळी उदयला सगळं ऐकवलं. तो पोहे खात हसत होता. म्हणाला, "एक अक्षर तर बोलायचंय त्याला. बोलू दे की." बघा! प्लास्टिकच्या बरण्या बनवणाऱ्या माझ्या नवऱ्याला कळतं, चॅनलला कळत नाही.

१४ नोव्हेंबर

भक्तीनं मध्यम मार्ग काढला. सभेचा प्रसंग पुस्तकात आहे तसाच कच्चा करून चॅनलला दाखवायचा, मग त्यांनी काय ते ठरवायचं. पोरगी वाटते तेवढी मऊ नाही.

आमच्या धंद्यात आवाज आधी आणि चित्र मागाहून. खरे नट मिळेपर्यंत घरातलंच कोणीतरी पकडून कच्चा आवाज भरायचा आणि चित्रकार मुलं त्यावर पात्रांची तोंडं हलवतात. कातळला पुरुषाचा आवाज हवा, मग उदयला पकडला. कपड्यांच्या कपाटात रजया टांगल्या, कारण रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न थांबत नाहीत. उदयला त्यात बसवला. भक्तीनं सांगितलं होतं, चेहऱ्याचंही चित्रण करा, भुवया कशा हलतात ते मुलांना लागतं. म्हणून समोर फोन लावला. उदय रजयांमधून डोकं काढून म्हणाला, "सुजे, लग्नाच्या वेळी हे सांगितलं नव्हतंस."

आज फक्त दाराशी पहाऱ्याचा प्रसंग केला. काय बोलला! अजिबात नाटकी नाही. भक्तीनं लगेच फोन केला, "ताई, हे कोण? ह्यांचा आवाज खरा वाटतो." उदय जेवताना उगाच घसा खाकरून खाकरून भाजी मागत होता.

१९ नोव्हेंबर

उदयच्या कारखान्यात अपघात झाला. मोल्डिंगच्या मशीनमध्ये समाधानचा उजवा हात सापडला. अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली.

समाधान साक्रीकडचा. दिवाळीनंतर गावाहून येताना आमच्यासाठी भरताची वांगी घेऊन आला होता, मी नको नको म्हणताना पिशवी दारात ठेवून पळाला. पंचविशीचा असेल. त्याची बायको सोनम बाळंतपणाला माहेरी गेलीय.

उदयनंच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. घरी आला तेव्हा शर्ट पाहवत नव्हता. थेट मोरीत गेला आणि कितीतरी वेळ पाणी वाहत राहिलं. जेवला नाही. मी म्हटलं, अरे, तू काय करणार, मशीन ते. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

हळवा आहे फार. प्रॉडक्शन मॅनेजर होऊन इतकी वर्षं झाली तरी कातडी जाड झाली नाही. मला आवडतं ते.

२२ नोव्हेंबर

हृषीकेश सर येऊन गेले. हे उदयच्या कारखान्याचे प्रमुख. माणूस म्हणजे लाख माणूस. चाकणची कंपनी बंद पडली तेव्हा उदय वर्षभर बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. दाढी करायचा नाही. ओळखीच्या सगळ्यांनी हात झटकले होते, फोन उचलला तो फक्त ह्यांनी. इथं बोलावलं, नोकरी दिली, हा फ्लॅटसुद्धा त्यांनीच शोधून दिला. मी त्यांच्यासाठी मुद्दाम साटोऱ्या केल्या.

किती हळू बोलतात! आवाज म्हणून चढत नाही. "वहिनी, अपघात वाईटच झाला. पण पोरं ऐकत नाहीत हो. माल भराभर निघावा म्हणून मशीनच्या सेफ्टी डोअरच्या स्विचला टेप मारतात. दार उघडं राहिलं तरी मशीन चालूच. आता ह्याला कोण काय करणार?" मग उदयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चौकशीला सरकारी साहेब येतील. आपलं ठरलंय तेच सांगायचं, उदय. बाकीचं मी बघतो. आपण एक कुटुंब आहोत."

उदय साटोरीचा तुकडा ताटलीत फिरवत बसला होता. सर गेल्यावर मी त्याला चांगलं झापलं. ज्या माणसानं आपल्याला उभं केलं त्याच्यासमोर एवढं घुम्यासारखं बसतात का?

सरांचं बोलणं ऐकता ऐकता मात्र मला मेघपाळ सापडला. आत्तापर्यंत मी त्याला गडगडाट करायला लावत होते. पण तो असाच हळू बोलला, "आपण एक कुटुंब आहोत" म्हणाला, तर अंगावर काटा येईल! तेच वाक्य उचललं. सरांना सांगायला हवं कधीतरी, हसतील.

२६ नोव्हेंबर

आज सभेचा प्रसंग भरायचा होता. नुसता मनस्ताप.

झुईचं वाक्य मी म्हणायचं, कातळचं उदयनं. "दार कोणी उघडलं?" आणि कपाटात शांतता. मला वाटलं, अरे वा, पुस्तकातलं ते पानभर उभं राहणं करतोय. पण शांतता संपेचना. मग खोकला. पुन्हा घेतलं. ह्या खेपेला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा. पुन्हा. एकदा "मी" म्हणाला पण इतकं आत की यंत्रानं पकडलंच नाही.

"उदय, एक अक्षर आहे! तूच म्हणाला होतास!"

"पाणी दे."

पाणी दिलं. परत तेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, तुला काय झालंय, साधं म्हणता येत नाही? तर रजया ढकलून बाहेर आला. एक रजई खाली पडली, ती उचललीसुद्धा नाही. दारात थांबून विचारलं, "तुझ्या पुस्तकात त्याला माहीत होतं का, खाली माणसं आहेत ते?"

"माहीत होतं. म्हणून तर गोष्ट आहे."

"मग जादूच ठेव. सगळ्यांनाच बरं पडेल."

मला इतका राग आला! माझ्याच घरात चॅनलचा माणूस! रागाच्या भरात जे काही भरलं होतं ते सगळं, न निवडता, तसंच भक्तीला पाठवून दिलं. लिहिलं, ह्यातून काय मिळतंय ते घे, माझा नट संपावर गेलाय.

२९ नोव्हेंबर

दुपारी बेल वाजली. दारात एक बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, चपला जिन्यातच काढलेल्या. समाधानची आई, मंजुळाबाई. मुलापाशी राहायला साक्रीहून आलीय. आत ये म्हटलं तर उंबऱ्याशीच टेकली.

माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती आणि मध्येच अहिराणीवर घसरत होती. "ताई, कंपनीवाला म्हणतात, त्यानंच टेप लावी. मना पोऱ्या म्हणतो, मी नही लावी. तो आईसंगे खोटं नही बोलस, ताई. तुमना साहेबाले विचारा ना. साहेब तठेच होते. साहेबांनी मनापासून त्याले दवाखान्यात नेलं. त्यांले माहीत असंल कोणी लावी."

मी तिला पाणी दिलं, चहा दिला. म्हटलं, "मावशी, माझे मिस्टर असत्याला कधी साथ देणार नाहीत. त्यांना माहीत असतं तर त्यांनी आपणहून सांगितलं असतं. त्यांना माहीतच नाही." अगदी छातीठोकपणे म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, ताई," आणि उठली. दोषी ठरला तर नोकरी जाईल, आणि अशा हाताला पुन्हा कोण घेणार, एवढंच जिना उतरताना पुटपुटली.

उदयला सांगितलं. तो मोबाइल हातात धरून बसला होता, मोबाइल बंद होता. "काय म्हणालीस तिला?" मी सांगितलं. "हं," म्हणाला.

३ डिसेंबर

घरात जीव रमत नाही. लिहायला बसते, उठते. गॅस पुसते. पुन्हा बसते. उदयची झोप उडालीय, आणि तो विचारलं की "कामाचं टेन्शन" म्हणतो. त्याच्या सुट्टीच्या दिवशी खानवेलला जाऊ म्हटलं, गेलो. सागाच्या झाडांखाली गाडी थांबवली आणि दोघं दोन काचांतून बाहेर बघत बसलो. परतताना राखोलीच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली, दमणगंगेकडे पाहिलं, परत वेग घेतला. मी विचारलं, "काय रे?" म्हणाला, "काही नाही, पाणी किती आहे बघत होतो."

हृषीकेश सरांचा फोन आला की तो हल्ली गॅलरीत जातो.

कोणी बाई वगैरे तर नाही ना? छे. लिहितानासुद्धा हसू आलं. पण विचार येऊन गेला हे खरं.

८ डिसेंबर

कसं लिहू कळत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवणारही नाही.

भक्तीनं सभेच्या प्रसंगाचं कच्चं चित्र पाठवलं. सोबत निरोप : "ताई, उदयदादांना सांगा, ऑफिसात सगळे गप्प झाले. त्यांच्या चित्रणावरून जसंच्या तसं काढलंय." मी खुशीत चहा घेऊन बसले.

नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. भला मोठा दगडी माणूस. झुई माझ्या आवाजात विचारते, "दार कोणी उघडलं?" कातळ तोंड उघडतो. मिटतो. डोळे खाली जातात. मग अंगठा उजव्या भुवईवरून घासत नेतो. तो उदयचा अंगठा होता. अशी भुवई घासताना मी उदयला फक्त एकदा पाहिलंय, चाकणची कंपनी बंद झाल्याचं सांगायला घरी आला होता तेव्हा. परत तोंड उघडतो. आणि तिथं, दगडाच्या त्या चेहऱ्यावर, मला जे दिसलं ते त्या दिवशी दोन हातांच्या अंतरावर बसूनही दिसलं नव्हतं. मी आपली आवाज नीट येतोय का ते बघत होते.

नटाला वाक्य येत नव्हतं असं नव्हतं ते.

परत लावलं. परत. चहावर साय धरली. उदय घरी आला तेव्हा मी दारातच विचारलं, "टेप कोणी मारली?"

बूटसुद्धा काढले नव्हते त्यानं. तिथंच चपलांच्या कपाटाला टेकला आणि सगळं सांगितलं. मोठी ऑर्डर अडली होती. हृषीकेश सर म्हणाले, दार बंद व्हायची वाट बघत बसलो तर माल कधी निघणार, काहीतरी कर. उदयनं स्वतः, स्वतःच्या हातानं, स्विचला टेप लावली. समाधाननं विचारलं होतं म्हणे, "साहेब, हात गेला तर?" उदय म्हणाला, "लक्ष ठेव, काही होत नाही."

"मला माहीत होतं, सुजे," तो म्हणाला. "माहीत होतं."

९ डिसेंबर

मी काय बोलले ते लिहून ठेवते, कारण उद्या मीच म्हणेन की असं बोललेच नव्हते.

मी म्हटलं, गप्प बस.

म्हटलं, झालं ते झालं, बोटं काही परत येणार नाहीत. म्हटलं, सरांनी आपल्याला हात दिला तेव्हा तुझी समाधाननं विचारपूस केली होती का? म्हटलं, तू काही मुद्दाम नाही केलंस, तुला करायला लावलं, तुझ्यावर दबाव होता, तू तेव्हा तू नव्हतासच. तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "म्हणजे डोळे हिरवे होते माझे?"

हे तर फारच लागलं. मग मी रडले, ओरडले, पोळपाट आपटलं. पुन्हा तो बाल्कनीतला, दाढी वाढवलेला उदय मला नको आहे. देवा, मला नको आहे! वर्षभर मी त्याला ताट नेऊन देत होते आणि तो ते तसंच परत ठेवत होता. तो गॅलरीच्या कठड्याशी उभा राहिला की मी स्वयंपाकघरातून कान लावून असायची. हे कोणाला सांगितलं नाही, ह्या वहीतसुद्धा पहिल्यांदाच लिहितेय. सरांनी फोन उचलला म्हणून मला माझा नवरा परत मिळाला. आणि आता त्यांनाच तोंडघशी पाडायचं?

परवा चौकशी आहे. त्यानं गप्प राहायचं वचन दिलं नाही. नाहीही म्हणाला नाही.

दुपारी भक्तीला कळवलं : जादू ठेव. हिरवे डोळे चालतील. मुलांचा गोंधळ होतो हे खरंच आहे.

ती म्हणाली, "ताई? खरंच? आता तर चॅनलवाले थोडे मऊ पडत होते."

म्हटलं, हो, खरंच.

११ डिसेंबर

सांगून आला.

मशीनजवळ सगळे उभे होते, चौकशीचे साहेब, हृषीकेश सर, बाकीचे कामगार. साहेबांनी विचारायच्या आतच उदयनं सांगितलं. सरांचं नाव घेतलं का, मी विचारलं. म्हणाला, "घेतलं. पण आधी माझं."

सर तेव्हाही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "उदय, मला वाटलं होतं तू घरचा आहेस." पुढचं कळेपर्यंत कामावर येऊ नको असा निरोप थोड्या वेळानं दुसऱ्याच माणसानं आणून दिला.

हे सगळं सांगताना उदय पुरीभाजी खात होता. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. मला त्याच्या त्या जेवण्याचाच राग आला. मी ताट उचललं नाही, त्यानं स्वतः घासलं.

१५ डिसेंबर

उदय घरी. बाल्कनीत बसत नाही अजून. पंखे पुसले, नळाचा वायसर बदलला, बेनच्या घरचं बेसिनसुद्धा मोकळं करून दिलं. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते.

भक्तीला नवीन कच्चा आवाज हवाय. जादू उतरल्यावरचं कातळचं वाक्य : "मला काही माहीत नव्हतं." उदयला सांगितलं, कपाटात बस, एवढं एक भरून दे. तो म्हणाला, "हे मला नाही जमणार. तू म्हण."

"पुरुषाचा आवाज लागतो."

"कच्चा तर आहे. म्हण की."

मी रजयांत बसले आणि म्हटलं. एकदाच. भक्तीचं लगेच उत्तर : "परफेक्ट, ताई! पुन्हा घ्यायची गरजच नाही."

तेव्हापासून काही गिळवत नाही.

१८ डिसेंबर

आज भक्तीला सांगितलं, जादू काढ, नाहीतर मला काढ. ती म्हणाली, "ताई, तुमचं नक्की चाललंय काय? तुम्ही सांगितलंत म्हणून मी चॅनलला हो म्हणून बसले." बरोबर आहे तिचं. उद्या चॅनलशी मीच बोलेन म्हटलं. मालिका हातची जाईलसं दिसतंय. उदयची नोकरीही गेल्यात जमा. तरी फोन ठेवल्यावर कडकडून भूक लागली.

झालं असं की दुपारी मंजुळाबाई परत आली. ह्या खेपेला उंबऱ्याशी थांबली नाही, सरळ आत आली आणि माझे दोन्ही हात धरले. समाधानवरचा ठपका काढलाय, कंपनीनं त्याला बसून करायचं काम द्यायचं कबूल केलंय. पिशवीतून गावचे बिबडे, ज्वारीचे पापड, काढून माझ्या मांडीवर ठेवले, पातळ, मोठाले, एकही मोडला नव्हता. साक्रीहून बसमध्ये मांडीवर धरून आणले होते म्हणे कोणीतरी.

"ताई, तुमनामुळे मना पोऱ्या सुटी गया. मी सांगून गेलू, अन् तुम्ही साहेबाले बोलता केलं. बाईनं बाईचं ऐकं."

उदय आतल्या खोलीत होता. दार उघडंच होतं, त्याला सगळं ऐकू जात होतं. मला वाटलं तो बाहेर येईल, काहीतरी बोलेल, हसून वेळ मारून नेईल. तो आला नाही.

बिबडे मांडीवर होते. मला साधं "असू दे मावशी" म्हणून उठता आलं असतं, चहाचं आधण ठेवता आलं असतं. शेवटी म्हटलं, "मावशी, मी नाही सांगितलं त्यांना. मी अडवत होते. ओरडले, रडले, पोळपाट आपटलं. तुमच्या समाधानचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं. त्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून झालं हे."

तिनं माझे हात सोडले. मला वाटलं आता बिबडे उचलेल आणि जाईल. जावंच तिनं. मी खाली बघत बसले.

बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मीबी त्याले तेच सांगत होतू, ताई. कंपनीवाला कागद घेऊन आला दवाखान्यात. म्हटलं, पोऱ्या, म्हण मीच लावी टेप. अंगठा दे, अन् घर चल. तो अंगठा पोटाखाली दाबीसन पडेल होता. मी ओढत होतू त्याना हात. पट्टी बांधेल हात."

आणि ती रडायला लागली. इतके दिवस रडलेली नसावी, असं रडली. मी तिच्या शेजारी खालीच बसले. उदय बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळानं तीन कप चहा घेऊन आला, त्यात साखर घालायची विसरला होता. आम्ही तसाच प्यायलो.